चंपी ते शाम्पू : शेख दीन महंमद यांची कहाणी

शाम्पू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर केस धुण्याची बाटली येते. परंतु हा शब्द मुळात केसांचा नाही आणि साबणाचाही नाही. हिंदीतील चांपना म्हणजे दाबणे, चेपणे, रगडणे. त्यावरून चंपी, आणि त्याच धातूवरून इंग्रजांनी उचललेला शाम्पू. आपल्या मराठीतील चेपणे हे तर अर्थाने त्याचे भावंडच. अठराव्या शतकात हिंदुस्थानात आलेले साहेब लोक अंग रगडून घेण्यालाच शाम्पू म्हणत असत. केस धुण्याचा अर्थ त्या शब्दाला पुष्कळ उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला.

हा शब्द आणि त्यामागची विद्या ज्या माणसाने इंग्लंडच्या घराघरांत पोहोचवली, तो पाटण्याचा एक मुसलमान तरुण होता. पुढे तो दोन इंग्रज राजांचा मानकरी झाला. हल्ली रिफ्लेक्सॉलॉजी, फूट मसाज, आरोग्य-स्नान ह्यांची दुकाने शहराशहरांतून दिसतात. अशा वेळी दोनशे वर्षांपूर्वी परक्या देशात हाच धंदा उभा करणाऱ्या ह्या आद्य भारतीयाची ओळख करून घेणे उचित ठरेल.

छावणीतले बालपण

दीन महंमद यांचा जन्म १७५९ साली पाटणा येथे झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी प्लासीची लढाई होऊन बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा जम बसू लागला होता. जुन्या नबाबी घराण्यांशी नाते सांगणारी अनेक कुटुंबे त्या उलथापालथीत कंपनीच्या चाकरीत शिरली. महंमद यांचे वडील कंपनीच्या बंगाल फौजेत होते. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना, १७६९ मध्ये, वडील एका चकमकीत कामी आले.

पोरका झालेला हा मुलगा फौजेच्या थाटामाटाने दिपून गेला होता. ह्याच सुमारास आयर्लंडमधील कॉर्क गावचा गॉडफ्रे बेकर नावाचा कोवळा अधिकारी त्याला भेटला. आईला ते मुळीच पसंत नव्हते, पण मुलगा बेकरच्या मागे छावणीत गेला तो गेलाच. बारा-तेरा वर्षे तो पलटणीबरोबर बंगाल आणि बिहारची भूमी तुडवत हिंडला. प्रथम तो नुसताच बाजारबुणग्यांतला एक होता. पुढे छावणीच्या बाजाराची व्यवस्था त्याच्याकडे आली, मग तो जमादार झाला आणि अखेरीस सुभेदार. १७८१ साली काशीच्या राजा चेतसिंगाविरुद्ध कंपनीने जी मोहीम काढली, तीतही तो होता. आपल्याच देशबांधवांविरुद्ध त्याने परक्यांची तलवार धरली, हे खरे. तथापि त्या काळी लाखो शिपायांपुढे पोटापाण्याचा हाच मार्ग होता, हेही विसरून चालणार नाही.

१७८२ मध्ये बेकरवर खंडणी उकळल्याचा आरोप आला. त्याला मोहिमेवरून परत बोलावण्यात आले आणि त्याने नोकरी सोडली. त्याच्याबरोबर महंमद यांनीही राजीनामा दिला आणि धन्याच्या पाठोपाठ जहाजावर पाय ठेवला. १७८४ साली दोघे कॉर्कला पोहोचले. महंमद तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. त्यांना पुन्हा हिंदुस्थानचे दर्शन घडले नाही.

लेखक आणि संसारी गृहस्थ

कॉर्कला बेकर कुटुंबाच्या आश्रयाने महंमद यांनी इंग्रजीचा अभ्यास केला. तेथेच जेन डॅली ह्या आयरिश तरुणीशी त्यांचा परिचय झाला. १७८६ मध्ये दोघांनी पळून जाऊन लग्न केले. त्यासाठी महंमद यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच वर्षी बेकर मरण पावला, परंतु कॉर्कमधल्या प्रतिष्ठित लोकांत महंमद यांनी आपले स्थान मिळवले होते.

ह्याचा पुरावा म्हणजे १७९४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले प्रवासवर्णन. एका काल्पनिक मित्राला लिहिलेल्या अडतीस पत्रांच्या रूपातील हे पुस्तक दोन भागांत निघाले. छपाईचा खर्च भागावा म्हणून आधी वर्गणीदार मिळवण्याची तेव्हा पद्धत होती. महंमद यांना सुमारे ३२० वर्गणीदार लाभले. एका भारतीयाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. १७९९ मध्ये लखनौचे विद्वान प्रवासी मिर्झा अबू तालिब खान कॉर्कला आले असता महंमद यांना भेटले. आपल्या फारसी प्रवासवृत्तात त्यांनी ह्या भेटीची आणि महंमद यांच्या मुलाबाळांची नोंद करून ठेवली आहे.

एवढे झाल्यावर एखादा माणूस कॉर्कमध्येच स्थिरावला असता. परंतु वयाच्या पन्नाशीला टेकलेले महंमद बायकामुलांसह लंडनला निघाले.

लंडनमधील अपयश

लंडनच्या पोर्टमन स्क्वेअर भागात हिंदुस्थानातून पैसा करून आलेल्या साहेब लोकांची वस्ती होती. त्यांपैकी बेसिल कॉक्रेन ह्या धनिकाने आपल्या वाड्यात वाफेच्या स्नानाची सोय केली होती. महंमद यांनी तेथे नोकरी धरली आणि वाफेने शेकलेले अंग चेपून देण्याचा प्रकार सुरू केला. पुढे त्यांचे नाव ज्या विद्येने गाजले, तिची इंग्लंडमधील सुरुवात ही अशी झाली.

पण त्यांच्या मनात वेगळीच योजना घोळत होती. १८१० साली त्यांनी जवळच्याच जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदोस्तानी कॉफी हाउस' उघडले. वेताच्या कोचांवर बसून, भिंतींवर हिंदुस्थानी देखाव्यांची चित्रे पाहत, हुक्का ओढावा आणि मसालेदार रश्श्याचा समाचार घ्यावा, असा तो बेत होता. एका भारतीयाने इंग्लंडमध्ये काढलेले हे पहिलेच भारतीय भोजनगृह. आज त्या देशात अशी हजारो उपाहारगृहे चालतात. पण पहिले मात्र दोन वर्षेही धड चालले नाही. अशा जेवणाची चटक लागलेल्या साहेबांच्या घरी हिंदुस्थानी स्वयंपाकी होते. त्यांना बाहेर जाण्याची गरज नव्हती. इतरांना त्या चवीची ओळख नव्हती. १८१२ मध्ये महंमद यांचे दिवाळे वाजले. पुढच्या वर्षी ह्या माजी सुभेदारावर आणि ग्रंथकारावर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन घरनोकराची चाकरी शोधण्याची पाळी आली.

पदरी बायकामुले, वय चोपन्न आणि हातात दमडी नाही. परदेशात ज्यांनी नव्याने संसार मांडला आहे, त्यांना ह्या अवस्थेची कल्पना सांगावी लागणार नाही.

ब्रायटनचे वाफेचे स्नानगृह

१८१४ मध्ये महंमद समुद्रकाठच्या ब्रायटनला आले. एके काळी हे कोळ्यांचे साधे गाव होते. १७५०च्या सुमारास डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नान हे औषध म्हणून सुचवायला सुरुवात केली आणि श्रीमंत रोग्यांची तेथे रीघ लागली. त्यात युवराज जॉर्जने तेथे आपला विलासमहाल थाटला. १८१५ पासून त्या महालावर हिंदुस्थानी घाटाचे घुमट आणि मिनार चढू लागले. आरोग्याचे वेड आणि पूर्वेकडच्या थाटाची हौस ह्या दोन्ही गोष्टी एकाच गावात एकत्र आल्या होत्या. लंडनला जे साधले नाही, ते येथे साधण्याजोगे होते.

आरंभी महंमद यांनी दंतमंजन आणि केसांचा कलप विकला. त्याबरोबरच एका स्नानगृहात चंपीचे काम सुरू केले. लोकांनी प्रथम टवाळीच केली. एका परक्या माणसाने आपले अंग रगडावे, ही कल्पनाच इंग्रजांच्या पचनी पडण्यासारखी नव्हती. परंतु बरे वाटलेले रोगी स्वतःच ही गोष्ट इतरांना सांगू लागले. १८२१ पर्यंत महंमद यांनी थेट समुद्रासमोर, किंग्ज रोडवर, आपले स्वतःचे ऐसपैस स्नानगृह उघडले.

तेथील उपचार असा असे : रोग्याला फलालिनीच्या लहानशा तंबूत बसवीत. वनस्पती घालून उकळलेल्या पाण्याची वाफ त्या तंबूत सोडीत. थोड्या वेळाने रोगी घामाने निथळू लागे आणि त्याचे अंग सैल पडे. तंबूच्या कापडाला बाह्या शिवलेल्या असत. मालीश करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून हात आत घाली आणि दुखरा सांधा किंवा आखडलेला स्नायू हळूहळू चेपून काढी. वाफ बाहेर जात नसे, रोग्याला गार वारा लागत नसे आणि त्याची लाजही राखली जाई. स्त्रियांच्या स्नानाची देखरेख जेनबाई करीत. नवराबायकोंनी मिळून चालवलेला हा व्यवसाय होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

संधिवात, कंबरदुखी, रांझण, आखडलेले सांधे, अर्धांगवायू अशा नाना तक्रारींचे लोक तेथे येत. बरे झालेले रोगी आपल्या कुबड्या तेथेच ठेवून जात आणि महंमद त्या दर्शनी भागात मांडून ठेवीत. ह्याहून बोलकी जाहिरात कोणती असणार? १८२२ मध्ये त्यांनी आपल्या उपचारपद्धतीवर पुस्तक लिहिले. त्यात निरनिराळ्या रोग्यांच्या हकिकती होत्या. त्या पुस्तकाच्या पुढे आणखी आवृत्त्या निघाल्या. राजे चौथे जॉर्ज यांनी त्यांना आपले शॅम्पूइंग सर्जन नेमले आणि चौथे विल्यम यांनीही तो मान कायम ठेवला. डॉक्टर मंडळी आपले रोगी त्यांच्याकडे पाठवू लागली. त्यांच्या मुलाने लंडनमध्येही स्नानगृह थाटले. पाहता पाहता नक्कल करणारे प्रतिस्पर्धीसुद्धा उभे राहिले.

हिंदुस्थानात अंग चेपणे हे न्हाव्याचे नाही तर नोकराचाकराचे काम समजले जाई. तेच काम इंग्लंडच्या राजाच्या दारी मानाचे ठरले, ही ह्या कहाणीतील मोठी नवलाची गोष्ट होय.

मानाची किंमत

परंतु ह्या मानासाठी महंमद यांनी एक किंमत मोजली. चंपीवरच्या ह्या पुस्तकात त्यांनी आपला जन्म १७४९ चा दाखवला, म्हणजे वय दहा वर्षांनी वाढवले. शिवाय आपण हिंदुस्थानात वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि कंपनीच्या फौजेत शस्त्रवैद्य म्हणून काम केले, असेही त्यांनी लिहिले. १७९४च्या प्रवासवर्णनात ह्याचा मागमूसही नाही. तेथे ते बाजार सांभाळणारे, जमादार आणि सुभेदार म्हणूनच दिसतात. दहा वर्षे वाढवली ती ह्या नसलेल्या शिक्षणाला जागा करून देण्यासाठीच, हे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की ध्यानात येते.

ह्याला लबाडी म्हणावे काय? आहे ती लबाडीच. मात्र तिची कारणे समजून घेतली पाहिजेत. इंग्लंडमध्ये डॉक्टरांची सरकारी नोंदणी १८५८च्या कायद्याने सुरू झाली. त्याआधी कोणालाही स्वतःला वैद्य म्हणवून घेणे अवघड नव्हते. आणि काळ्या कातडीच्या माणसाला नुसता चंपीवाला म्हणून राजदरबारी प्रवेश मिळाला नसता. परक्या मुलखात आपला माल खपवायचा तर आपली पार्श्वभूमीही ग्राहकाला रुचेल अशी रंगवावी लागते, हे महंमद यांनी ओळखले होते. त्यांची जी चित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांत ते कोठे युरोपीय कोटात दिसतात, तर कोठे दरबारी हिंदुस्थानी झग्यात.

आता खरा प्रश्न असा, की त्यांच्या हाताला गुण होता की नव्हता? होता, पण सांगितला जाई तेवढा नव्हे. उष्णतेने स्नायू सैल पडतात, चेपल्याने आखडलेपणा आणि वेदना काही काळ कमी होते, मन शांत होते आणि झोप चांगली लागते. हा अनुभव खरा आहे आणि आजचे वैद्यकही तो नाकारीत नाही. शिवाय त्या काळचे डॉक्टर रोग्याला जळवा लावीत, शीर तोडून रक्त काढीत आणि पाऱ्याची औषधे पोटात देत. त्या मानाने ऊन वाफ आणि जाणता हात हे कितीतरी सौम्य उपाय. कित्येकांना त्या जाचातून सुटका झाल्यानेच बरे वाटले असेल. परंतु अर्धांगवायू किंवा दमा ह्यांसारखे रोग चेपल्याने मुळातून जातात, असे मानायला आधार नाही.

आजच्या रिफ्लेक्सॉलॉजीलाही हाच न्याय लावावा. ही विद्या अतिप्राचीन असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते, पण तिचे आजचे स्वरूप विसाव्या शतकातले आहे. अमेरिकेतील डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पून १९१७ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे युनिस इंगम ह्या बाईंनी १९३०नंतरच्या काळात तळपायाचा नकाशा तयार केला : अमुक ठिकाणी यकृत, तमुक ठिकाणी मूत्रपिंड. ह्या उपचाराच्या चाचण्यांचा २००९ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये पद्धतशीर आढावा घेण्यात आला. तळपायाच्या विशिष्ट जागा दाबून एखादा रोग बरा होतो, असा खात्रीलायक पुरावा त्यात आढळला नाही. पाय चेपून घेतल्याने स्वस्थ वाटते, हे मात्र कोणीही अनुभवावे. आपल्याकडे डोळ्यांची आणि तळपायांची आग होऊ लागली की आजी काशाच्या वाटीने तूप लावून पाय घासून देत असे. त्यासाठी तिला नकाशा लागत नसे, आणि त्याने यकृत सुधारते असेही ती म्हणत नसे.

म्हणून थकवा घालवण्यासाठी, मनाच्या विश्रांतीसाठी अवश्य पाय चेपून घ्यावेत. परंतु पायाला एकाएकी सूज येऊन पोटरी दुखत असेल, जखम असेल किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालू असलेले औषध तर चंपीच्या भरवशावर मुळीच बंद करू नये.

उतरता काळ आणि नातवाचे कर्तृत्व

१८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणी गादीवर आली. तिला ब्रायटनची गर्दी मानवली नाही. तिने तेथे जाणे सोडले आणि १८५० मध्ये तो घुमटांचा महाल गावाला विकण्यात आला. राजाश्रय गेला तशी महंमद यांचीही चलती ओसरली. स्नानगृहाची इमारत त्यांच्या मालकीची नव्हती. भांडवल पुरवणारा भागीदार वारल्यावर १८४१ मध्ये तिचा लिलाव झाला आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली. ऐंशी ओलांडलेल्या महंमद यांनी जवळच्या ब्लॅक लायन स्ट्रीटवर लहानशा जागेत पुन्हा काम सुरू केले. १८५०च्या डिसेंबरात जेनबाई गेल्या. त्यांच्या मागोमाग, २४ फेब्रुवारी १८५१ रोजी, महंमद यांनीही देह ठेवला. ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. जेथे त्यांचे स्नानगृह होते, त्या जागी पुढे एक मोठे हॉटेल उभे राहिले.

त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ जग त्यांना जवळजवळ विसरले होते. इतिहासकार मायकेल फिशर यांनी १९९६ मध्ये त्यांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले. २००५ मध्ये लंडनला कॉफी हाउसच्या जागेजवळ त्यांच्या नावाची हिरवी पाटी बसवण्यात आली.

परंतु महंमद यांचे खरे स्मारक त्यांच्या घराण्यातच निपजले. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद हा १८४९ मध्ये, म्हणजे आजोबांच्या मृत्यूपूर्वी दोनच वर्षे, ब्रायटनला जन्मला. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये तो रीतसर वैद्यक शिकला. मनगटाची नाडी कागदावर रेखाटणाऱ्या यंत्रात त्याने विद्यार्थिदशेतच सुधारणा केली. मूत्रपिंडाचा विकार नसतानाही माणसाचा रक्तदाब वाढलेला असू शकतो, हे त्याने शेकडो रोग्यांची नाडी तपासून दाखवून दिले. आज रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाने ज्यांचे ऋण मानावे, अशा संशोधकांत त्याची गणना होते. दुर्दैवाने विषमज्वराने १८८४ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

जे वैद्यकीय शिक्षण मिळवल्याचे आजोबांना खोटे सांगावे लागले, ते नातवाने खरोखर मिळवले. आजोबांनी रोग्याला हाताने सुख दिले. नातवाने त्याचा रोग मोजण्याची रीत शोधली. दोघांचीही रोग्याला गरज असते. फक्त एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर खपवू नये, एवढाच विवेक आपण ह्या घराण्याच्या कहाणीतून घ्यावा.